पाचव्या मजल्यावरचा थांबा

जुन्या कॉम्प्युटरांवर जीव असलेली आम्ही काही माणसं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. नऊ-दहा जण असतो. बहुतेकांचे गुडघे गेलेले, आणि प्रत्येकाचं ठाम मत की आपलं मशीन सोडून बाकी सगळ्यांची भंगार. टीव्हीला जोडायचे ते कॉम्प्युटर, रबरी बटणांचे, ज्यांच्या मेमरीत आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा मावायचा नाही. आम्ही ते उघडतो, पुसतो, कुठे काय सुटलंय ते डाग देऊन जोडतो आणि पडद्यावर काहीतरी उमटलं की टाळ्या वाजवतो. माझी बायको या मंडळाला वृद्धाश्रमाची पूर्वतयारी म्हणते.

बाहेरच्या जगात मला कुत्रं विचारत नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोक आरशासमोर बसून 'ही फ्रेम बरी की ती' असं विचारतात, मी 'दोन्ही शोभतात' म्हणतो, आणि ते तिसरीच घेऊन जातात. पण त्या खोलीचा जिना चढलो की मी 'लिफ्टमन'चा कर्ता असतो. नवा सभासद आला की आधी त्याला माझ्यासमोर उभं करतात. तो माझा हात दोन्ही हातांत धरतो आणि म्हणतो, "तुमच्या खेळापायी मी नववीत नापास झालो." मी नम्रपणे मान झुकवतो. आजवर सतरा जण नापास झालेत.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा खेळ मासिकात छापून यायचा. खेळ म्हणजे त्याचा प्रोग्राम, ओळीखाली ओळ, तीन-चार पानं. तो घरी बसून आपणच टाइप करायचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बटणं दाबायची. दीडशे ओळी टाइप करायला तीन तास आणि त्यातली चूक शोधायला तीन दिवस. सापडली की कळायचं, चूक मासिकाचीच आहे आणि पुढच्या अंकात कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिलगिरी आहे. मग ते सगळं कॅसेटवर उतरवायचं. कॅसेट चालू असताना खोलीत कोणी चालायचं नाही, कारण वायर हलली की संपला खेळ. आमच्या घरी तेवढी दहा मिनिटं आईसुद्धा स्वयंपाकघरातून पाय न वाजवता यायची, आणि येऊन विचारायची, "झालं का रे तुमचं मौन?"

'लिफ्टमन' असाच छापून आला. आठ मजल्यांची इमारत, एक लिफ्ट आणि तिच्यात घुसायला टपलेली माणसं. माणूस म्हणजे एक शून्य आणि त्याखाली उभी रेघ. जाडा माणूस म्हणजे दोन शून्यं. जाडा पाचव्या मजल्यावर येतो. त्याला आत घेतला तर लिफ्ट कोसळते, नाही घेतला तर तो चिडून वायर तोडतो, म्हणून आधीच्या कोणाला तरी झटक्यात बाहेर काढावं लागतं. नेमकी तिथेच लिफ्ट क्षणभर थबकते. इतर कुठल्याही मजल्यावर नाही, फक्त पाचव्या. हे काम तीनशे चाळीस नंबरच्या ओळीचं (ओळींना नंबर दहा-दहाने द्यायचे, मधे एखादी घुसवता यावी म्हणून). ती मशीनला सांगते, मजला पाचवा असेल तर एकपासून नऊशेपर्यंत मोज आणि मग पुढे चल. त्या बिचाऱ्याला एवढं मोजायला दोनेक सेकंद लागतात.

या दोन सेकंदांवर आमच्या मंडळात दोन माणसांचं बोलणं बंद झालेलं आहे. आमचे चिटणीस म्हणजे भूल देणारे डॉक्टर. त्यांचं म्हणणं, चित्र पडद्यावर स्थिर व्हायला तेवढा वेळ मुद्दाम दिलाय. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला लाइनमन म्हणतो, साफ चूक, मेमरी झाडून घ्यायला दिलाय. एका सभासदाने तर मंडळाच्या पत्रकात आठ पानी लेख लिहून सिद्ध केलं की खेळणाऱ्याला अपराधी वाटावं म्हणून तो थांबा आहे. मला विचारलं की मी चष्मा काढायचो, काचा पुसायचो आणि म्हणायचो, "कारण होतं त्याला." एवढ्यावर माझी पंचवीस वर्षं निघाली.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. 'लिफ्टमन' मी लिहिलेला नाही. माझ्या ताईने लिहिलाय.

ती सतराची, मी चौदाचा. टीव्ही आम्हाला रोज एकच तास मिळायचा, बातम्यांच्या आधी. म्हणून ताई चौकटीच्या वहीत पेन्सिलने प्रोग्राम लिहायची आणि दिवसभर मनातल्या मनात चालवून बघायची. भांडी विसळता विसळता मध्येच "अरे, एकशे वीसवर अडकतंय" म्हणायची. तास मिळाला की ती वाचायची, मी टाइप करायचो. माझं काम एवढंच, आणि तयार झालेला खेळ खेळून बघायचं. मासिकाने स्पर्धा काढली ती पंधरा वर्षांखालच्यांसाठी. ताई म्हणाली, "तुझं नाव टाकू या. छापून तर येऊ दे." मी हो म्हणालो. कशाला मी नाही म्हणतोय!

आणि छापून आलं. नाव माझं, फोटो माझा, त्यात माझे कान. बाबांनी अंकाच्या सहा प्रती आणल्या आणि ऑफिसात वाटल्या. रात्री जेवताना ताईने टेबलाखालून मला पाय मारला, म्हणजे आता सांग. मी ताटाकडे बघत राहिलो. मग तीच म्हणाली, "बाबा, तो प्रोग्राम मी लिहिलाय." आई म्हणाली, "धाकट्याचं कौतुक झालं की लगेच पोटात दुखायला लागलं का गं तुझ्या?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वाटी उचलून तोंडाला लावली. त्याच आठवड्यात बाबांनी कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीतून उचलून माझ्या खोलीत ठेवला आणि अडगळीतला छोटा टीव्हीही दिला. ते असो.

पुढे ताईचं लग्न झालं, माझं झालं, आई गेली, बाबा गेले. त्या विषयावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. बोलायला इतर पुष्कळ असतं. आणि मंडळात मला लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, तर उतरायची मला तरी काय घाई होती?

तर यंदा 'लिफ्टमन'ला चाळीस वर्षं झाली. डॉक्टरांनी ठरवलं की रविवारी सगळ्यांनी आपापल्या मशीनवर तो पुन्हा टाइप करायचा आणि शेवटी खुद्द कर्त्याने तीनशे चाळीसचं रहस्य उलगडायचं. "आता फार झालं तुमचं गूढ हसणं," ते म्हणाले. मी तेव्हाही गूढ हसलो. मग त्यांनी मोबाइल पुढे केला.

मासिकाच्या जुन्या संपादकांच्या घरी एका खोक्यात ताईच्या वहीची ती मूळ पानं सापडली होती. डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. चौकटीचा कागद, सातच्या पोटातून आडवी रेघ मारायची तिची खोड, आणि तीनशे चाळीसच्या शेजारी समासात पेन्सिलने लिहिलेलं, 'नंतर काढणे'.

"बघा!" डॉक्टर म्हणाले. एरवी त्यांचं बोलणं ऐकून पेशंटला भुलीची गरज उरत नाही, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चक्क वर गेला. "काढायची होती! मग काढली का नाही? आणि मुळात घातली का?"

"अक्षर छान होतं हो तुमचं," लाइनमन म्हणाला. तो माझ्याकडे नाही, हजेरीच्या वहीतल्या माझ्या सहीकडे बघत होता. माझी सही म्हणजे झुरळ शाईत पडून चालत गेल्यासारखी आहे. मी ती वही मिटून टाकली.

मला त्या ओळीबद्दल काडीची माहिती नव्हती. माहीत असणारं माणूस एकच होतं.

ताई एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत मुख्य आहे. तळघरात. सहा अजस्र मशीन घुमत असतात, भिंती थरथरतात आणि वाफेने माझा चष्मा दारातच आंधळा होतो. मी काचा पुसून बघेपर्यंत तिने माझ्या हातात चादरीची दोन टोकं दिली.

"रिकामा उभा राहू नकोस. ओढ. आता माझ्याकडे ये. परत जा."

चादरी घडी घालत, पुढे येत, मागे जात मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे मंडळाबद्दल तिला माहीत होतंच, माझ्या मोठेपणाबद्दल नव्हतं. मी ते शक्य तेवढं लहान करून सांगितलं. सतरा नापासांचं गाळलं.

"म्हणजे ते तुला विचारणार, ओळ का घातली," ताई म्हणाली.

"हो."

"आणि तुला ठाऊक नाही."

"तुला आठवतंय का?"

तिने चादर झटकली, टोकं जुळवली, घडी ढिगावर ठेवली. चार नंबरचं मशीन वाजायला लागलं तशी ती जाऊन ते बंद करून आली. "आठवतंय ना," ती म्हणाली. "किती वाजता आहे तुमचं?"

"तू कशाला येतेस? मला सांग, मी सांगतो त्यांना."

"तेच तर तू करत आलायस," ती म्हणाली. रागाने नाही. चादर ओढ म्हणाली होती त्याच आवाजात. "रविवारी येते मी. ते मशीन आणशील ना? आपलं?"

आपलं म्हणजे ते मूळ मशीन. ते तोवर माझ्याकडेच होतं, काचेच्या पेटीत, दुकानात, फ्रेमांच्या शेजारी. मी 'आणतो' म्हणालो आणि घामेजून वर आलो.

त्या दिवशी परत दुकानात येईपर्यंत मला जे आठवलं ते सांगतो. कॉम्प्युटर माझ्या खोलीत आल्यावर ताई वही घेऊन माझ्या दारात यायची. "अर्धा तास देतोस का?" मी म्हणायचो, "आत्ता मी करतोय." मी काही करत नसायचो. मी 'लिफ्टमन' खेळत असायचो. तिचाच खेळ. महिनाभर ती येत राहिली. मग तिने विचारणं सोडलं, वही कुठे गेली मला माहीत नाही, आणि मी एवढा गाढव की मला हायसं वाटलं. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

रविवारी खोली भरून गेली होती. नऊ टीव्ही, सगळे जाडजूड पाठीचे. कोणाचा पडदा थरथरतोय, कोणाचा हिरवा पडलाय. वायरींचं जंजाळ असं की लाइनमन दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला पाय कुठे ठेवायचा ते सांगत होता. ताई कामाच्याच बुटांत आली. मी म्हणालो, "ही माझी ताई." एवढंच. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमच्या भावाचं आम्हाला फार कौतुक आहे." ती म्हणाली, "हो का?"

टाइप करायला सुरुवात झाली. लाइनमन मोठ्याने वाचत होता आणि नऊ जण बडवत होते. तिसाव्या ओळीपर्यंत तीन ठिकाणी गोंधळ झाला, एकाचं मशीन बंद पडलं, आणि लाइनमनचा घसा बसला. त्याने कागद खाली ठेवला. ताईने तो उचलला.

"तीनशे दहा," ती वाचायला लागली. "जर, म बरोबर पाच, शेपूट..."

"शेपूट म्हणजे?" कोणीतरी विचारलं.

म म्हणजे मजला, शेपूट म्हणजे स्वल्पविराम. डोळे म्हणजे दोन टिंबं, काड्या म्हणजे अवतरणचिन्ह. घरातले आमचे शब्द होते ते, चाळीस वर्षांत मी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. बाकीचे थांबले. माझी बोटं थांबली नाहीत. ती वाचत होती तिच्या जुन्याच लयीत, ओळीच्या शेवटी हलकासा श्वास घेऊन, आणि तो श्वास आला की माझा अंगठा आपोआप एंटरवर पडत होता. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं वाटायचा मला काही अधिकार नव्हता, हेही त्याच वेळी वाटत होतं.

"तीनशे चाळीस," ताई म्हणाली आणि थांबली.

"इथेच!" डॉक्टर उठले. "इथेच थांबू या. आता कर्त्याने बोलावं."

सगळ्यांनी खुर्च्या माझ्याकडे वळवल्या. मी चष्मा काढला. काचा पुसल्या. "त्याचं असं आहे," मी सुरू केलं, "त्या काळी मशीनची मर्यादा लक्षात घेता..." लाइनमन हाताची घडी घालून उभा होता. ताई कागद मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. मदतही करत नव्हती, अडवतही नव्हती. जेवणाच्या टेबलावर तिने ज्या चेहऱ्याने वाट बघितली होती, तोच चेहरा, फक्त आता केस पांढरे. आणि इथे तोंडाला लावायला वाटी नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी लिहिलेलं नाही ते. एक ओळसुद्धा नाही. सगळं हिने लिहिलंय. मी नुसता टाइप करायचो."

खालच्या दुकानात कोणी चाकात हवा भरत होतं ते ऐकू आलं. सतरांपैकी एक जण म्हणाला, "म्हणजे मी नापास यांच्यामुळे झालो?"

"सही बघितली तेव्हाच मला शंका आली होती," लाइनमन म्हणाला. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीची तेव्हाच शंका आलेली असते.

सगळ्यात लवकर सावरले डॉक्टर. खरा भक्त, देव बदलला तरी त्याचा प्रश्न बदलत नाही. त्यांनी आपली खुर्ची ताईकडे वळवली. "ताई, मग तुम्हीच सांगा. पाचव्या मजल्यावर लिफ्ट का थांबते?"

"हा रडायचा म्हणून," ताई म्हणाली.

"कोण?"

"हा. माझा भाऊ. जाडा आला की गडबडायचा, भलतंच बटण दाबायचा, लिफ्ट पडायची. पडली की भोकाड पसरायचा. चौदा वर्षांचा घोडा. मग आई यायची आणि रागाने सरळ भिंतीवरचं बटण बंद करायची. कॅसेटवर घेतलेलं नसायचं. तासाभराची मेहनत पाण्यात. तीन वेळा झालं तसं. म्हणून मी दोन सेकंद घातली, याला विचार करायला. खेळ पुरा झाला की काढणार होते." तिने मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. "पाकीट टाकायच्या गडबडीत विसरले. नंतर अंक बघितला तेव्हा जिवाला लागलं माझ्या. एवढा नेटका प्रोग्राम आणि मधेच हे."

चित्र स्थिर करायला, मेमरी झाडायला, अपराधी वाटावं म्हणून! चाळीस वर्षं कुठकुठली पोरं आपापल्या घरात बसून माझ्या रडण्याची सोय टाइप करत होती. आठ पानी लेखवाला सभासद पत्रक शांतपणे पिशवीत घालायला लागला. आणि मग खोलीत असा हशा फुटला की थरथरणारा एक टीव्ही त्या आवाजाने नीट झाला.

ताई उठून माझ्याजवळ, आमच्या त्या मूळ मशीनपाशी आली. पुढच्या उरलेल्या ओळी तिने न बघता स्वतःच टाइप केल्या, कागदाची गरज नव्हती. तीनशे चाळीस मात्र तिने घातलीच नाही. "खेळ आता," ती म्हणाली.

चौपन्न वर्षांचा मी खेळायला बसलो. पाठीमागे नऊ माणसं वाकून उभी. चौथ्या मजल्यापर्यंत मी राजा होतो. पाचव्यावर जाडा आला, लिफ्ट थांबली नाही, मी भलतंच बटण दाबलं, आणि ती पाच मजले खाली कोसळली.

"रडू नकोस," ताई म्हणाली. तिला इतकं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी लगेच वही काढली. पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापायची, 'लिफ्टमन'वर ताईचं नाव घालायचं, सत्कारही करायचा, असं सगळं त्यांचं चालू झालं. "आणि यात तुमच्या भावाला दोष देता येणार नाही," ते मला सांभाळून घेत म्हणाले. "वयाची अट होती. नाव तुम्हीच घातलंत ना?"

"मीच घातलं," ताई म्हणाली. "नाव असू दे त्याचंच. मला काय करायचंय नावाचं?"

मी सुटलो होतो. सगळ्यांसमोर, तिच्याच तोंडून. चष्मा लावायचा, चहा घ्यायचा, घरी जायचं. पण ती 'मला काय करायचंय' म्हणाली तेव्हा तिचा हात त्या रबरी बटणांवर होता आणि तो तिने काढलेला नव्हता. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी हिचं नाव खाल्लं. नावाचं हिला काहीच पडलेलं नव्हतं. मी खाल्लं होतं ते दुसरंच.

"नावाचं नाही हो डॉक्टर," मी म्हणालो. "छापून आल्यावर बाबांनी कॉम्प्युटर माझ्या खोलीत हलवला. हिने सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही. मी एक शब्द बोललो असतो तर ऐकलं असतं. मला मशीन हवं होतं म्हणून नाही बोललो. ही अर्धा तास मागायला यायची, मी तोही देत नव्हतो. मी चोर आहे, पण नावाचा नाही."

लाइनमनने एका वायरीकडे बघायला सुरुवात केली.

ताईने रबरी बटणांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "हो. ते मात्र तू केलंस." आणि थोड्या वेळाने, "मशीन दे."

"घे ना. आत्ता लावलंच आहे. हवा तेवढा वेळ..."

"इथे नाही. मी घरी नेणार आहे."

मंडळातल्या प्रत्येकाने श्वास रोखला. मूळ मशीन आहे ते, 'लिफ्टमन' ज्याच्यावर जन्मला ते. त्यासाठी लोक दुकानात येऊन काचेवर नाक दाबायचे. काचेच्या पेटीसाठी मी खास कुलूप करून घेतलं होतं. मी तोंड उघडलं, आणि माझी खात्री आहे की मी काहीतरी क्षुद्रच बोलणार होतो. पण डॉक्टर माझ्याआधी वाकून वायरी सोडवायला लागले होते.

मशीन ताईने घेतलं, कॅसेट प्लेयर आणि टीव्ही माझ्या गळ्यात. त्या टीव्हीचं वजन म्हणजे एक म्हैस. जिना उतरताना दोनदा भिंतीला घासलो. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि तिथे लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत माझ्या तोंडाला फेस आला होता.

मागच्या छोट्या खोलीत, खिडकीखाली एक टेबल होतं. शिवणयंत्र त्याच्यावरून काढून कोपऱ्यात ठेवलेलं, टेबल पुसून लख्ख केलेलं, तीन पिनांचा बोर्ड जागेवर ठोकलेला, आणि एक नवी कोरी चौकटीची वही, शेजारी तासलेली पेन्सिल.

"हे कधी केलंस?" मी विचारलं.

"तू लाँड्रीत आलास त्या संध्याकाळी."

मी रविवारी काय बोलेन हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं. मी काहीच बोललो नसतो तरी तिने ते मशीन नेलंच असतं, हे मला त्या टेबलाकडे बघताना समजलं.

मी टीव्ही ठेवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात तो छोटा चौकोन लुकलुकायला लागला. दुपारचे तीन वाजले होते. ताई खुर्ची ओढून बसली, वही उघडली आणि काहीच न लिहिता पडद्याकडे बघत राहिली.

"काय करणारेस?" मी विचारलं.

"ठरलं नाही अजून."

"मी बसू का इथे?"

"बस. पण मधे बोलायचं नाही. आणि बोटं लावायची नाहीत."

मी पलंगाच्या कडेला बसलो. ती लिहीत होती, खोडत होती, दोन बोटांनी टाइप करत होती. चाळीस वर्षांत हात मंदावले होते. मध्येच ती "अरे, असं नाही" असं स्वतःशीच पुटपुटायची. वीस नंबरच्या ओळीत तिने एक कंस सोडला. मला लगेच दिसला. मशीनने चूक दाखवली, तिने ओळ पुन्हा वाचली, तिला सापडेना. माझी जीभ नुसती वळवळत होती. 'कंस, ताई, कंस!' एवढे तीन शब्द, आणि काम झालं असतं.

मी ओठ आवळून बसलो. गप्प बसणं मला छान जमतं. आमच्या घरात ते कोणाच्या उपयोगी पडलं ते त्या दुपारी पहिल्यांदा. पंचवीस मिनिटांनी ताईने जोरात टेबलावर थाप मारली, "कंस!" असं ओरडली, आणि माझ्याकडे न बघताच पुढची ओळ लिहायला घेतली.